मुनाफ शिकलगारच्या पाच सुऱ्या

मुनाफ शिकलगारची आणि माझी ओळख एका अपघाताच्या चौकशीत झाली. साल २०१३. दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवणारी एक कंपनी होती, तिथे मी सेफ्टी ऑफिसर होतो. कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप जाहीर होऊन तीन वर्षं झाली होती. मेट्रोची खोदाई सुरू झाली होती आणि दर महिन्याला कुठेतरी नवा कॅम्प उघडत होता. आमच्या किचनमधून रोज हजारो माणसांचं जेवण बाहेर पडायचं. मटणाच्या विभागात अठरा खाटीक लांब स्टीलच्या टेबलांपाशी उभे असायचे, आणि त्यांच्यामागे, भिंतीकडे तोंड करून, एक माणूस दिवसभर सुऱ्यांना धार लावायचा. तो मुनाफ.

त्या दिवशी रहमान नावाच्या बांगलादेशी खाटकाचा उजवा हात कापला. मेंढीच्या मांडीतलं हाड तो सोडवत होता. सुरी हाडाला अडली, त्याने जोर लावला आणि मूठ धरलेला हात पुढे घसरून थेट पात्यावर गेला. तीन बोटांच्या शिरा तुटल्या. त्याला हॉस्पिटलला पाठवल्यावर मी ऑफिसात एकेकाला बोलावून जबाब घेतले. शेवटी मुनाफला बोलावलं आणि हिंदीत विचारलं, त्या सुरीला धार कोणी लावली होती?

त्याने माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर गिरीश दाबके हे नाव वाचलं आणि मराठीत उत्तर दिलं.

"मी लावलीया, साहेब. सकाळी सहाला. धार चांगली हुती, म्हणून तर बोटं गेली."

"म्हणजे?"

"बोथट असती तर नुसतं खरचटलं असतं. पण धारेचं सोडा, हात घसरला कशानं ते लिवा. मूठ बगा तिची. काचेगत गुळगुळीत. पुढं बोट अडायला काय न्हाई. हाताला चरबी, त्यात जोर लावला. जाणारच की पुढं."

मी ते सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी किचनच्या मॅनेजरने माझे कागद वाचले. त्या सुऱ्या सहा आठवड्यांपूर्वीच घेतल्या होत्या, आणि त्या त्यानेच पसंत केल्या होत्या. कामगाराने जाळीचा हातमोजा घातला नव्हता एवढं लिहिलं तरी पुरे, असं तो म्हणाला. तो हातमोजा डाव्या हातात घालायचा असतो. रहमानचा उजवा हात कापला होता. मला हे कळत होतं, मॅनेजरलाही कळत होतं. मी 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून सही केली. नोकरीला तेव्हा मला आठ महिने झाले होते आणि नीता, माझी बायको, नुकतीच दोह्याला आली होती. कारण सांगायचं तर एवढंच आहे.

महिन्याभरात रहमान मायदेशी गेला. मुनाफने मला काही विचारलं नाही. त्याने फक्त सगळ्या सुऱ्यांच्या मुठींना पुढच्या बाजूला सुती दोरी गुंडाळली, म्हणजे बोटांना अडायला एक कडं झालं. आठवड्याने स्वच्छता तपासणारे आले. ओल्या दोरीत जंतू वाढतात, काढून टाका, असं ते म्हणाले. ते बरोबरच होतं. दोऱ्या काढायला सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"काढतो," मुनाफ म्हणाला. अठरा मुठींवरच्या दोऱ्या त्याने ब्लेडने कापून बादलीत टाकल्या.

मुनाफ तासगावचा. घरात दखनी, बाहेर मराठी. शिकलगारांच्या घरातला असल्यामुळे साणेचा आवाज त्याच्या कानावर लहानपणापासून होता. तासगावात द्राक्षबागा आहेत. छाटणीच्या दिवसांत त्याच्या वडिलांपुढे कात्र्यांचा ढीग लागायचा, आणि एरवी खाटकांच्या सुऱ्या, सलूनवाल्यांचे वस्तरे, उसाचे कोयते. प्रत्येक हत्याराची धार वेगळ्या कोनात लावायची असते हे तो बोलण्याआधी शिकला, असं त्याची बायको सुगरा थट्टेने म्हणायची. मुनाफ स्वतः फार बोलत नसे. उंची बेताची, खांदे थोडे पुढे वाकलेले. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघायची सवय. पहिल्यांदा भेटणाऱ्याला ते विचित्र वाटायचं.

त्याचा एक विरोधाभास मला बराच उशिरा कळला. आयुष्यभर सुऱ्यांना धार लावली तरी चाळिशीपर्यंत त्याने एकही जनावर सोललं नव्हतं. ईदला घरी कुर्बानी व्हायची तेव्हा सोलायचं काम त्याच्या चुलत्याचं. मुनाफ सुऱ्या तयार करून द्यायचा आणि लांब बसायचा. सोलायला त्याला शिकवलं रहमानने, आमच्या त्या किचनमध्ये. बकऱ्याची कातडी सुरीने फार थोडी सोलायची असते, हे त्याला रहमानकडून कळलं. मागच्या पायांपाशी आणि पोटावर रेघ मारून कातडी सुटी केली की पुढचं काम मुठीचं. मूठ कातडी आणि मांस यांच्यामध्ये सारत न्यायची. जो सारखी सुरी चालवतो त्याच्या कातडीला भोकं पडतात आणि मांसाला केस चिकटतात.

२०१६ मध्ये करार संपला. किचन दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं, त्यामुळे नोकरी बदलायला लागणारं ना-हरकत पत्र सहज मिळालं, आणि मुनाफ सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळच्या एका दुकानात लागला. बाज पाळणाऱ्यांचं आणि वाळवंटात तंबू ठोकणाऱ्यांचं सामान तिथे मिळायचं. चामड्याचे हातमोजे, बाजाच्या टोप्या, कंदील, शेगड्या आणि एका लांब काचेच्या कपाटात शिकारीच्या सुऱ्या. मालक कतारी, तो महिन्यातून एकदा यायचा. दुकान चालवायचा इलियास, मलबारी, बोलायला गोड आणि विकण्यात पटाईत. मुनाफचं काम मागच्या खोलीत, धार लावायचं आणि मुठी दुरुस्त करायचं.

मी तोवर लुसैलला स्टेडियम बांधणाऱ्यांपैकी एका कंत्राटदाराकडे गेलो होतो. एका शुक्रवारी नीताच्या विळीचं पातं आणि दोन सुऱ्या घेऊन सूकमध्ये गेलो आणि मुनाफ समोर आला. मला अवघडल्यासारखं झालं. त्याने मात्र पातं हातात घेतलं, नखावर टेकवून पाहिलं आणि म्हणाला, "वैनींनी नारळ फोडलाय ह्यानं." खरंच फोडला होता.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. शिकारीच्या सुऱ्यांबद्दल मला जे काही समजतं ते त्या मागच्या खोलीत समजलं. काम नसलं की मुनाफ कपाटातल्या सुऱ्या आणून माझ्यापुढे मांडायचा.

रुंद आणि आखूड पात्याची, फुगलेल्या पोटाची एक सुरी असे. तिचं टोक वर वळलेलं. ती कातडी सोलायची. लांब गोल धार कातडीखालून पंख्यासारखी फिरते, एका फटक्यात वितभर कातडी सुटते. पण तिच्याने सांधा सोडवायला जा, टोक कुठे घुसवायचं तेच कळत नाही. दुसरीची पाठ टोकापाशी हळूच खाली उतरलेली. टोक पात्याच्या मध्याच्या रेषेत येतं, त्यामुळे पोट उघडताना ते आतड्यात शिरत नाही. मुनाफची आवडती हीच. "सगळ्या कामाला बरी, कुठल्याच कामाला लई भारी न्हाई," असं तो म्हणायचा. तिसरीची पाठ टोकाजवळ आत कापल्यासारखी असते, टोक सुईसारखं. दिसायला हीच सगळ्यांत देखणी आणि तरुण गिऱ्हाइकं हीच मागायची. चौथीच्या पाठीवर टोकाजवळ एक आकडा असतो, आतून धारदार. पोटाला छोटं भोक पाडून आकडा अडकवायचा आणि ओढायचा, पिशवीची चेन उघडावी तसं पोट उघडतं. पाचवीचं पातं दाढीच्या ब्लेडसारखं पातळ, बोथट झालं की बदलायचं.

"ह्यातली चांगली कुठली?" मी एकदा विचारलं.

"कशाला पायजे त्यावर हाय," तो म्हणाला. "हितं शिकार कशाची? ससा. लई झालं तर पाखरू. सशाची कातडी पायमोज्यागत निघतीया, तिला सुरी लागतीया कुठं? हरणाएवढ्या जनावराच्या सुऱ्या घेऊन लोक सशामागं जात्यात."

आकड्याच्या सुरीवर त्याचा विशेष राग. आकड्याच्या आतल्या बाजूला दगड पोचत नाही, गोल कानस लागते, आणि वाळवंटात ती कोणाकडे नसते. एका हिवाळ्यात आकडा बोथट होतो आणि मग तो आकडा जाईल तिथे अडकतो. महाग पोलादाबद्दलही त्याचं मत वाईट होतं. धार टिकते म्हणतात, पण गेली की साध्या दगडाने परत येत नाही. त्यापेक्षा साधं पोलाद बरं, रोज दोन हात मारले की झालं.

२०१७ च्या जूनमध्ये शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या. जमिनीवरून शिकारीला बाहेर जाणं थांबलं. पण दुकानाची विक्री कमी व्हायच्या ऐवजी वाढली. लोक हिवाळ्यात इथेच तंबू ठोकून राहायला लागले. पुढच्या वर्षी इलियासने युरोपातून एक मोठी खेप मागवली. महागडं पोलाद, पाठीवर आकडा, मूठ पॉलिश केलेल्या शिंगाची. काचेखाली दिवा लावून त्याने त्या मांडल्या तेव्हा खरोखर दागिन्यांसारख्या दिसत होत्या.

सप्टेंबरात बाजांचं आणि शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन भरलं. इलियासने तिथे टेबल घेतलं आणि धार लावून दाखवायला मुनाफला पुढे बसवलं. दुसऱ्या दिवशी बू नासिर आला. सत्तरीचा कतारी, जुनं गिऱ्हाईक. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्याला बारा सुऱ्या हव्या होत्या, मुलांना, पुतण्यांना आणि जावयांना. इलियासने शिंगाच्या मुठीची सुरी मखमलीवर ठेवून पुढे केली. बू नासिरने ती उचलली, फिरवली आणि इलियासला सोडून मुनाफकडे वळला.

"रफीक, ये अच्छा है?" रफीक म्हणजे मित्र, इथे कामगारांना सर्रास अशी हाक मारतात.

मुनाफने सुरीकडे पाहिलं, मग बू नासिरच्या हाताकडे. "नहीं बाबा," तो म्हणाला. "आपके काम का नहीं."

पुढचं मला इलियासनेच नंतर तावातावाने सांगितलं. मुनाफने म्हणे प्रत्येक दोष मोजून दाखवला. आकडा नको, पोलाद नको आणि मूठ तर मुळीच नको. आजूबाजूला आणखी गिऱ्हाइकं उभी होती. बू नासिर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तोंडाने कशाला सांगतोस, करून दाखव. डिसेंबरात माझ्या इझब्यावर जेवण आहे, तुझ्या सगळ्या सुऱ्या घेऊन ये. इझबा म्हणजे शहराबाहेरची गुरा-मेंढ्यांची वाडी.

"मुनाफ दुकान बंद करवाएगा," इलियास मला म्हणाला. "आप समझाओ उसको. आपका गाववाला है."

मी मुनाफला समजावायला गेलो नाही. त्याने मला बरोबर चला म्हटलं, तेव्हा मात्र गेलो.

इझबा उत्तरेकडच्या अल खोर गावाच्या वाटेवर, हमरस्ता सोडून आत वीस मिनिटं. शुक्रवारची सकाळ, हवा थंड, वाऱ्यात समुद्राचा ओलावा. पत्र्याच्या शेडखाली आकडे टांगलेले. तीन मेंढ्या कापून तयार होत्या आणि आदल्या दिवशी बाजाने धरलेले चार ससे एका टोपलीत. बू नासिर खुर्चीवर बसला होता. शेजारी त्याचा धाकटा मुलगा जासिम. वय तीस-बत्तीस, बँकेत नोकरी, अंगात नवं कोरं जॅकेट. मेंढ्या राखणारा एक वयस्क सुदानीही होता. इलियास पांढरा शर्ट घालून आला होता आणि शेडच्या अगदी कडेला उभा होता.

मुनाफने पाच सुऱ्या कापडावर मांडल्या. शिंगाच्या मुठीची त्यात होतीच. मग तो म्हणाला की मी एकट्याने करून उपयोग नाही. मला येतं, मी कुठल्याही सुरीने करीन. ज्यांच्या हातात ही सुरी जाणार आहे त्यांनी चालवली पाहिजे. त्याने जासिमकडे बोट केलं.

जासिमने कधी जनावर सोललं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. बापासमोर नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

पहिली मेंढी मुनाफने आणि सुदान्याने मिळून सोलली. मुनाफने आपली आवडती, मधल्या टोकाची सुरी घेतली होती, सुदान्याने रुंद. दोघांचं काम बघण्यासारखं होतं. रेघ, दोन बोटं, मग मूठ. सुऱ्या बराच वेळ बाजूलाच पडून होत्या. दहा-बारा मिनिटांत कातडी कांबळ्यासारखी खाली आली.

दुसरी मेंढी जासिमची. त्याने सुईटोकाची सुरी निवडली. कातडी कशीबशी निघाली, दोन ठिकाणी भोकं पडून. मग पोट उघडताना टोक आत गेलं आणि कोठा फुटला. हिरवट पाणी मांसावर आलं, वासाने इलियास शेडबाहेर गेला. बू नासिर हसला. जासिम लाल झाला.

"अब ये लो," मुनाफ म्हणाला आणि त्याने पातळ पात्याची सुरी त्याला दिली. तिने खांद्याचा सांधा सोडवायला लावला. पातं इतकं धारदार की मांस लोण्यासारखं कापलं गेलं, आणि सांध्यात पीळ पडताच टक् असा आवाज झाला. पात्याचा नखाएवढा तुकडा आत राहिला. मुनाफने तो बोटाने चाचपून काढला, बू नासिरच्या तळहातावर ठेवला आणि ती सुरी गुंडाळून ठेवली.

तिसऱ्या मेंढीला शिंगाच्या मुठीची. इथे मुनाफच्या हिशेबाप्रमाणे जासिमची फजिती व्हायला हवी होती. तसं झालं नाही. जासिमने सुदान्याने सांगितलं तसं बोटभर भोक पाडलं, आकडा अडकवला आणि ओढला. पोट वरपासून खालपर्यंत एका रेषेत उघडलं. आतड्याला धक्काही लागला नाही. नंतर त्याच सुरीने त्याने कातडी सोलली, सांधे सोडवले, तिन्ही मेंढ्यांच्या बरगड्यांवरचं मांस काढलं. शेवटी मुनाफने पात्याची धार नखावर पाहिली. त्याच्या आवडत्या सुरीला मघापासून दोनदा दगड लावावा लागला होता. ही सकाळी होती तशीच होती.

इलियास परत आत आला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

मुनाफने ती सुरी पुसून कापडावर ठेवली. मग बू नासिरला म्हणाला, "बाबा, मैं गलत बोला था. लोहा अच्छा है. और जिसको आता नहीं, उसके लिये हुक भी अच्छा है."

मला त्याचं ते वाक्य फार आवडलं असं मी म्हणणार नाही. मला ते खटकलं. एवढ्या लोकांत, मालकाचा मॅनेजर समोर असताना, इतक्या सहज कबूल करायची गरज नव्हती असं वाटलं. आता वाटतं की ते त्याला अवघड गेलंच नसावं. सुरी चांगली निघाली, एवढंच.

"तो फिर बारह पीस?" इलियासने विचारलं.

"रुको," मुनाफ म्हणाला.

त्याने शिंगाच्या मुठीच्या सुरीचं पातं जाड चिकटपट्टीने पूर्ण गुंडाळलं. टेबलावर एक लाकडी फळी उभी धरायला सुदान्याला सांगितलं. मग जासिमला म्हणाला, हात मेंढीच्या चरबीत बुडवा, सुरी धरा आणि टोक फळीवर ठेवून जोराने दाबा. हाड अडलंय असं समजा.

जासिमने दाबलं. हात शिंगावरून सुटला आणि पुढे गेला. चारही बोटं पट्टीवर, म्हणजे पात्यावर. त्याने हात मागे घेतला, तळवा उलटासुलटा करून पाहिला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बू नासिर खुर्चीवरून उठला आणि त्याने स्वतः करून पाहिलं. म्हाताऱ्याचा हातसुद्धा घसरला.

मग मुनाफने रहमानची गोष्ट सांगितली. हिंदीत, सहा-सात वाक्यांत. मेंढीची मांडी, हाड, गुळगुळीत मूठ, धार. "धार मैंने लगाया था," हे त्याने दोनदा सांगितलं. चौकशी करणारा माणूस आत्ता इथे उभा आहे हे त्याने सांगितलं नाही. मी टोपलीतल्या सशांकडे बघत होतो.

बू नासिरने विचारलं, मूठ बदलता येईल का? मुनाफ म्हणाला, येईल. पातं ठेवू, आकडाही ठेवू. शिंग काढून खरबरीत लाकूड बसवू, पुढे बोट अडेल असा उंचवटा कोरून. दिसायला साधी दिसेल. "दिखने को मेरे पास जासिम है," बू नासिर म्हणाला, आणि त्या सकाळी जासिम पहिल्यांदा हसला. ससे सोलायचे राहूनच गेले होते. ते सुदान्याने सुरीशिवाय, नुसत्या बोटांनी सोलले.

बारा मुठी करायला मुनाफला दोन महिने लागले. लाकूड त्याने सिदरचं घेतलं, इथलं बोराच्या जातीचं झाड. इलियास काही आठवडे त्याच्याशी कामापुरतंच बोलत होता. मग बू नासिरचे पाहुणे तशाच मुठी मागायला दुकानात येऊ लागले, तेव्हा इलियासने कपाटात एक वेगळा कप्पाच केला. 'आमची खास बनावट' अशी पाटी लावली. मुनाफचं नाव कुठे नव्हतं. मी तसं म्हटलं तर मुनाफ म्हणाला, "नावानं काय पकड वाढतीया व्हय?"

मार्च २०१९ मध्ये तो माझ्या लुसैलच्या ऑफिसात आला. असा कधी आला नव्हता. येताना बरोबर नव्या मुठीची एक सुरी आणली होती, गेटवर ती काढून घेतली म्हणून थोडा वैतागलेला.

"साहेब, तुमचा तो रिपोर्ट अजून असतोय का कुठं?"

कुठला, हे मी विचारलं नाही. रहमानचं नाव त्याच्या गावाकडच्या एजंटने दुसऱ्या एका किचनसाठी सुचवलं होतं, देखरेखीच्या कामावर. हात पूर्ण मिटत नव्हता, पण त्या कामाला चाललं असतं. तिथल्यांनी जुन्या कंपनीकडे चौकशी केली तेव्हा 'निष्काळजीपणा' हा शब्द पुढे आला. रहमानने मुनाफला फोन केला होता.

"रिपोर्ट आता मला बदलता येत नाही, मुनाफभाई. मी त्या कंपनीत नाही."

"बदलू नका. काय झालं हुतं ते लिवा की. तुमाला म्हाईत हाय न्हवं?"

मी त्याच दिवशी लिहिलं. दोन पानं झाली. मूठ, उंचवट्याचा अभाव, चरबी, हातमोजा कोणत्या हाताचा, आणि मूळ अहवालातलं वाक्य मॅनेजरने सुचवलं असलं तरी मी स्वतः, माहीत असून लिहिलं, हेही. एक प्रत जुन्या कंपनीला, एक रहमानच्या एजंटला पाठवली. नीताने वाचून विचारलं, "याचा तुला त्रास होईल का?" होईल की नाही मला माहीत नव्हतं. झाला नाही. जुन्या कंपनीकडून उत्तरच आलं नाही. रहमानला ती नोकरी मिळाली नाही, ती जागा तोवर भरली होती. वर्षभराने त्याला बांगलादेशातच सिल्हेटकडे एका हॉटेलात काम मिळालं, माझ्या पत्रामुळे की एजंटच्या ओळखीने ते कळायला मार्ग नाही. त्याने मुनाफमार्फत मला सलाम सांगितला. बाकी काही नाही.

कोरोनाच्या वर्षी दुकान चार महिने बंद होतं. नंतर नोकरी बदलायचा नियम सैल झाला, ना-हरकत पत्राची गरज राहिली नाही, आणि २०२१ मध्ये मुनाफने सूक सोडलं. इलियासने पगार वाढवून देतो म्हटलं, खरोखर मनापासून म्हटलं. पण बू नासिरच्या पुतण्याने अल खोरला छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि तिथे मुनाफला स्वतःची साण, स्वतःचं टेबल आणि उजेडाची खिडकी मिळणार होती. तो गेला.

२०२२ मध्ये वर्ल्ड कपच्या महिन्यात सगळं शहर झेंड्यांनी भरलं होतं. इलियासने सुऱ्यांचं कपाट मागे हलवून पुढे जर्सी आणि टोप्या मांडल्या, आणि त्याचं दुकान आधी कधीच चाललं नव्हतं इतकं चाललं. मुनाफ त्या महिन्यात तासगावात होता, मुलीच्या लग्नाला. स्टेडियमच्या बांधकामात माझी पाच वर्षं गेली होती. मी एक सामना पाहिला. मुनाफने एकही नाही.

जानेवारीत तो परत आला. त्यानंतर एका शनिवारी मी आणि नीता अल खोरला गेलो. बंदर वर्कशॉपपासून चालत पाच मिनिटांवर. टेबलावर शिकारीच्या दोन-तीन सुऱ्या होत्या, बाकी सगळ्या लांब, अरुंद, वाकणाऱ्या पात्यांच्या, कोळ्यांच्या. समोरच्या थाळीत मोठा हमूर मासा अर्धवट साफ करून ठेवलेला.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"महिना झाला. बंदरावरनं सुऱ्या यायल्यात धारेला," तो म्हणाला. "पण साहेब, माशाचं मला काय कळत न्हाई. पातं वाकतंय, कोन धरता येत न्हाई. एक ओमानी म्हातारा येतोय, त्याच्याकडनं शिकतोय." त्याने सुरी उचलली, माशाच्या कण्यावर आडवी धरली आणि नीताकडे वळून विचारलं, "वैनी, तुमी कोकणातल्या न्हवं? हितनं सुरू करायचं का शेपटीकडनं?"

नीता पुण्याची. पण तिची आई मालवणची. तिने पर्स माझ्याकडे दिली, बाह्या सारल्या आणि त्याच्या हातातून सुरी घेतली.